नायिकेचा आवाज

प्रिय ताई,

सगळ्यात आधी वाईट बातमी. मी कपाळावरचे केस कापून घेतले आहेत. अगदी भुवयांपर्यंत, सरळ रेघेत. केस कापणाऱ्या बाईने कात्री उचलण्याआधी पुन्हा पुन्हा विचारलं होतं, नक्की ना? मी प्रत्येक वेळी मान हलवली. सध्या इथे सगळीकडे हीच फॅशन आहे, कारण त्या मालिकेतल्या फुलवालीचे केस असे आहेत. फरक इतकाच की फुलवाली झोपेतून उठते तेव्हा तिचे केस जागच्या जागी असतात, आणि मी उठते तेव्हा माझ्या कपाळावर कोंबडा आरवायच्या तयारीत उभा असतो. आईने बघितलं आणि म्हणाली, वाढतील. तिच्या अशा एकेका शब्दात किती मजकूर असतो ते तुला मी सांगायला नको.

पत्र का, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू आणि मी एकमेकींच्या वाक्यांवर पाय देत चालतो, आणि आज मला मधे कुणी थांबवायला नको आहे. शिवाय लहानपणी मी तुझ्यामागे इतकी फिरायचे की सगळे मला तुझं शेपूटच म्हणायचे. शेपटाला बोलायला तोंड नसतं, तेव्हा त्याने लिहिलेलंच बरं.

दुकानात माझं छान चाललंय. दिवसभर चष्म्यांच्या भिंतीसमोर उभं राहून मला एक छंद जडलाय, लोक आरशात कसे बघतात ते बघायचा. प्रत्येकाचं एक आरशातलं तोंड असतं, जे तो एरवी कुणाला दाखवत नाही. बायका गाल आत ओढतात. मुली ओठ पुढे काढतात. आणि पुरुष, ताई, पोट आत घेतात. नाकावर चष्मा ठेवून बघताना पोट कशाला आत घ्यायचं? पण घेतात, आणि मी फ्रेम काढून घेतली की सुस्कारा टाकून सोडतात. मला हसू दाबायला आता चांगलं जमतं. एखाद्याला कुठली फ्रेम हवी आहे हे मला तो दारातून आत येतानाच कळतं, पण ती त्याला शोभणार नाही हे कसं सांगायचं, ते अजून शिकतेय. खोटं बोलायचं नाही आणि गिऱ्हाईकही घालवायचं नाही, अशी ती तारेवरची कसरत असते.

यात त्या मालिकेने भर घातली. तुमच्याकडे ती मूळ भाषेतच लागत असेल, म्हणून इथे तिचं काय खूळ आहे याची तुला कल्पना येणार नाही. जहाजावरचा डॉक्टर आणि बंदरावरची फुलवाली. जहाज लागलं की ही नेमकी गावाला गेलेली, ही परत आली की जहाज सुटलेलं, आणि मधे सासवा, सावत्र भाऊ, स्मृतिभ्रंश वगैरे. डॉक्टर सोनेरी तारेचा गोल चष्मा लावतो. त्यामुळे गेली दोन वर्षं दर दुसरा माणूस येऊन विचारतो, डॉक्टरची फ्रेम आहे का? आहे. पण ती त्या नटाच्या हाडांसाठी बनली आहे, तुमच्या नाही, असं मला म्हणावंसं वाटतं. परवा एक बँकेतले साहेब ती लावून आरशासमोर उभे राहिले आणि हुबेहूब घुबड दिसायला लागले. पण बायको शेजारी उभी होती, ती त्यांच्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती की मी मुकाट्याने बिल केलं. बायकोला घुबडात डॉक्टर दिसत असेल तर मधे पडणारी मी कोण?

आमच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासणारा एक मुलगा आहे. आम्ही त्याला तपासनीस म्हणतो. तो दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारत असतो, हे बरं की हे? आता हे बरं की हे? मध्यंतरी त्याने मला सिनेमाला येतेस का असं विचारलं, आणि विचारल्यावर सवयीने म्हणाला, शनिवार बरा की रविवार? मी गेले. सिनेमा वाईट होता. तो मात्र वाईट नाही. फुलवालीने डॉक्टरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातातली सगळी फुलं खाली पडली होती. मी तपासनीसाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, याचे शर्ट याच्या मापाचे का नसतात? आता मला कुतूहल आहे ते असं की प्रेम फुलं पडण्याने सुरू होतं की शर्टाच्या काळजीने? तुला तुझ्या नवऱ्याच्या बाबतीत आधी काय वाटलं होतं? कधी विचारलंच नाही मी. या पत्राचं उत्तर देशील तेव्हा हेही लिही.

तुला हे माहीत आहे की आपल्या भाषेत फुलवालीचा आवाज आपली आई देते. पण माहीत असणं वेगळं आणि रोज ते बघत राहणं वेगळं. दुकानात बायका मला डोळे पुसत सांगायच्या की काल ती रडली तेव्हा आम्हीही रडलो, काय गोड आवाज आहे हो पोरीचा. आणि मी घरी जायचे तेव्हा ती पोर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून, मिठाच्या गुळण्या करत असायची. एकदा हट्ट करून मी तिच्याबरोबर रेकॉर्डिंगला गेले होते. छोटीशी खोली, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, समोर पडदा, त्यावर फुलवालीचे ओठ हलतात आणि आई त्या ओठांत आपले शब्द बसवते. बूट बाहेर काढते, कारण त्यांचे तळ करकरतात. घड्याळही काढून ठेवते. पोट गुरगुरलं तर वाक्य पुन्हा घ्यावं लागतं. आणि चुंबनाचं दृश्य आलं की ती स्वतःच्याच हाताच्या मागच्या बाजूचं चुंबन घेते, डोळे पडद्यावर ठेवून, अगदी गंभीरपणे, भाजीत मीठ बरोबर आहे का बघावं तसं. मी फसकन हसले आणि मला बाहेर काढण्यात आलं.

मला वाटायचं की डॉक्टरचा आवाज देणारा माणूस तिच्या शेजारी उभा राहून बोलत असेल. तसं नसतं. आई सकाळी जाते, तो माणूस आपली नोकरी आटपून संध्याकाळी जायचा. काही भागांत आधी आईचं होतं, काहींत त्याचं, आणि जो नंतर येईल त्याच्या कानात हेडफोनमधून आधीच्याचं रेकॉर्डिंग लावतात, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जातं. हे रेकॉर्डिंग कच्चं असतं. त्यात चुकलेलं वाक्य असतं, खोकला असतो, पाण्याचा घोट असतो, पुटपुटणं असतं. टीव्हीवर जाताना हे सगळं कापून टाकतात. तेव्हा दोन वर्षं ही दोन माणसं एकमेकांना जन्मोजन्मीच्या शपथा देत होती आणि रस्त्यात समोरासमोर आली असती तरी ओळखलं नसतं. आई जेवताना कधीतरी सांगायची, आज याने चुकल्यावर पुन्हा माईकची माफी मागितली. किंवा, आज याला सर्दी आहे. मी ऐकून सोडून द्यायचे. आता वाटतं, हवामानाचा अंदाज सांगावा तसं ती मला काहीतरी सांगत होती.

थंडी सुरू होताना एक गृहस्थ दुकानात आले. बुटके, डोक्यावर केस नाहीत, कान दोन्ही बाजूंना उघड्या दारांसारखे, अंगात ड्रायव्हिंग स्कूलचा बिल्ला लावलेलं निळं जाकीट. दूरचंही नीट दिसत नाही आणि वाचायलाही त्रास होतो, असं त्यांनी खुणेनेच सांगितलं, कारण दुपारभर शिकाऊ मुलांवर ओरडून त्यांचा घसा बसला होता. तपासनीस त्यांना आत घेऊन गेला. थोड्या वेळाने आतून तक्त्यावरची अक्षरं वाचल्याचा आवाज आला, आणि बाहेर सगळ्या माना वळल्या. ताई, तो डॉक्टर होता. बसलेल्या घशाने, एक एक सुटं अक्षर वाचत असलेला डॉक्टर. काउंटरवरच्या बाईंनी पैसे मोजायचे थांबवले. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर खुर्चीत तेच बुटके गृहस्थ, एक डोळा झाकून, शेवटची ओळ येत नाही म्हणून खजील झालेले. आणि अक्षर चुकलं की ते तक्त्याला सॉरी म्हणत होते.

घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण साल भलतीच जाड निघायला लागली. तिने एकच विचारलं, उंच आहे का? मी म्हटलं, नाही, माझ्या खांद्याला लागेल, टक्कल आहे आणि कानांचं तर विचारूच नकोस. आई हसली. थट्टेचं हसू नव्हतं. फार दिवसांची काळजी मिटल्यावर माणूस हसतं तसं ती हसली. मग बराच वेळ गेल्यावर, अगदी सहज विचारल्यासारखं, चष्मा कधी तयार होतो म्हणाली.

ज्या दिवशी ते चष्मा न्यायला येणार होते, त्या दिवशी आई दुकानात आली. त्याआधी ती कधी आली नव्हती. तुमच्या आरशांना फार उजेड आहे म्हणायची. तिचा तो नेहमीचा राखाडी स्वेटर आठवतो ना? त्यावर तिने पिवळाधमक स्कार्फ बांधला होता, जो मी तिला तीन वाढदिवसांपूर्वी दिला होता आणि जो आजवर घडीतून बाहेर आला नव्हता. माझ्याकडे बघून तिने ओळखसुद्धा दाखवली नाही. भिंतीकडे तोंड करून फ्रेमा बघत उभी राहिली. दुकानातली दुसरी मुलगी तिला विचारायला गेली, काय हवं, तर आईने नुसतं बोट दाखवलं. आपली आई, जी बंद पडलेल्या फ्रिजशीही बोलते, ती मुकी झाली होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला त्यांना बघायचं होतं, पण ऐकू जायचं नव्हतं.

ते आले, खुर्चीत बसले. मी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. त्यांनी आरशात बघितलं. पोट आत घेतलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. कसा दिसतो असं त्यांनी विचारलं आणि मी माझं दुकानातलं छान म्हटलं. तेव्हा मागून आई बोलली. तिला राहवलं नाही.

"काड्या कानाला रुततायत. सैल करून घ्या."

इतकंच. ते वळले नाहीत. आरशातच बघत राहिले; आरशात त्यांच्या खांद्यामागे पिवळा स्कार्फ होता. मग त्या आवाजात, ज्याच्यासाठी अर्धा गाव रोज कामधाम सोडून बसायचा, ते म्हणाले,

"बोलायच्या आधी तुम्ही एक श्वास घेता. टीव्हीवर तो कापतात. मी दोन वर्षं ऐकतोय."

आई म्हणाली, "आणि तुम्ही माईकची माफी मागता."

शेजारी एक बाई डॉक्टरची फ्रेम लावून बघत होत्या. त्या तशाच चष्मा लावून खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. मी त्या काड्या सैल केल्या. आणि आईने त्या दिवशी लाल फ्रेम घेतली, ताई. लाल. जी मी कुणालाही सुचवायला धजत नाही. तिला इतकी शोभली की मला माझ्या धंद्याची शंका आली.

त्यानंतर आई गाडी चालवायला शिकू लागली. या वयात कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली बसला फार गर्दी असते. सर, म्हणजे ते, मी त्यांना सर म्हणते, दुहेरी ब्रेकच्या गाडीत शेजारी बसायचे. पहिल्या आठवड्यात आईने एक कचऱ्याचा डबा आडवा केला आणि सरांनी काच खाली करून डब्याची माफी मागितली. ते दोघं काय बोलत असतील याचं मला भयंकर कुतूहल होतं, म्हणून मी एकदा मागच्या सीटवर बसून गेले. मला वाटलं होतं, एवढे आवाज, काहीतरी ऐकायला मिळेल. ते संपूर्ण रस्ताभर एका शब्दावरून भांडत होते. मालिकेत एके ठिकाणी 'विरह' म्हणायचं की 'ताटातूट'. आईचं म्हणणं, फुलं विकणारी बाई विरह म्हणणार नाही. सरांचं म्हणणं, डॉक्टर म्हणेल. आई म्हणाली, मग डॉक्टरला एकट्याला विरह होऊ दे, आणि गिअर बदलला. फार छान बदलला.

मग सर घरी यायला लागले. ते काही दुरुस्त करत नाहीत, भेटवस्तू आणत नाहीत, विनोद सांगायला गेले तर शेवट विसरतात. चहा बशीत न ओतता, फुंकर मारत, गार होईपर्यंत पीत बसतात. मी त्यांच्यात काय शोधत होते कोण जाणे, मला सारखं वाटायचं की आईला यांच्यात काय दिसलं ते मला सापडायला हवं. एक दिवस ते बाहेरच्या खोलीतल्या बाबांच्या फोटोसमोर उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता हे ठरलेलं काहीतरी बोलतील, फार चांगले होते म्हणे, किंवा तुझं नाक त्यांच्यावर गेलंय. त्यांनी आईला विचारलं, "यांचा आवाज कसा होता?"

बाबा गेल्यापासून सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, ताई. मीसुद्धा नाही. आईने तो श्वास घेतला. आणि बाबा न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाक मारायचे ती हाक तिने मारली. तोच जाडसर, शेवटी वर जाणारा आवाज, आपलं कुणी ऐकणार नाही याची आधीच खात्री असलेला. मी खुर्चीतून उठले. खरंच उठले, टॉवेल द्यायला. मग मी आणि आई इतक्या हसलो की रडायला लागलो, आणि सर बाजूला उभे राहून त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत होते, जसा तो अजून खोलीत असावा. त्या दिवसानंतर मी त्यांच्यात काही शोधायचं सोडून दिलं.

मालिका गेल्या महिन्यात संपली. शेवटच्या भागात डॉक्टर बंदरावर लग्नाचं विचारतो आणि फुलवालीने फक्त हो म्हणायचं असतं. आई त्या दिवशी घसा बसवून घरी आली. एक हो, त्यात एवढं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "खोटा निघाला की लगेच कळतं. आणि खरा निघाला की मला भीती वाटते." तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्या बायका त्या होबद्दलच बोलत होत्या. मी काचा पुसत होते.

त्यानंतर आठवड्याभराने सरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावून आईला विचारलं की उरलेली वर्षं एका घरात काढायची का. आई नाही म्हणाली. मला हे आठवडाभर ठाऊकच नव्हतं. मला फक्त दिसत होतं की सर येत नाहीत, लाल चष्मा खणात गेलाय आणि जुना तपकिरी बाहेर आलाय, गाडीची शिकवणी परीक्षेच्या तोंडावर बंद झालीय. मी खनपटीला बसले तेव्हा तिने सांगितलं. मी विचारलं, ते आवडत नाहीत का तुला? म्हणाली, आवडतात. मग बाबांमुळे? म्हणाली, बाबांना काय, त्यांनी मला गाडी शिकवताना केव्हाच हार मानली असती. मग कशामुळे? तिने बराच वेळ चष्म्याची काच पुसली. मग म्हणाली, "ताई म्हणाली होती, मला घाई झालीय. आता मी खरंच गेले, तर ती म्हणाली ते खरं होईल."

ते कोट, ताई. बाबा गेल्यावर महिन्याच्या आत आईने त्यांचे सगळे कोट देऊन टाकले. तू आलीस, कपाट उघडलंस, आत नुसते हँगर. तेव्हा तू तिला ते वाक्य बोललीस, की तुला बाबांना विसरायची घाई झालीय, आणि त्या सुट्टीनंतर तू फारशी आली नाहीस. मी दाराशी उभी होते, मी ऐकलं. तू चुकलीस असं मी तेव्हा म्हटलं नव्हतं आणि आजही म्हणत नाही. दवाखान्यात रात्रंदिवस तू बसली होतीस, आणि घरी आल्यावर तुला हात लावायला बाबांची एक बाहीसुद्धा उरली नव्हती. मलाही राग आला होता. पण त्या कोटांचं मी आईला या आठवड्यात पहिल्यांदाच विचारलं. तिने सांगितलं की कपाटाचं दार उघडलं की बाबांच्या कोटाची बटणं एकमेकांवर आपटून वाजायची. ते कामावर निघताना वाजायची तशीच. दर वेळी ती स्वयंपाकघरातून दाराकडे बघायची. बाकी सगळं सहन झालं, म्हणाली, तो आवाज झाला नाही. आवाजावर जगणारं माणूस आहे ते. घाई असलीच तर ती घाई होती.

तेव्हापासून तुम्ही दोघी दर रविवारी फोनवर बोलता आणि हवामानाबद्दल बोलता. तुझ्याकडे बर्फ पडला, इकडे वारा सुटलाय. फोन ठेवल्यावर आई काही क्षण तशीच उभी राहते, आणि तू तिकडे काय करतेस मला माहीत नाही, पण मला अंदाज आहे. मी हे पत्र तिला न सांगता लिहितेय. काल मी सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले होते. ते म्हणाले, तुझ्या आईने नाही म्हटलंय, आणि मी ते ऐकलंय, त्यावर मी पुन्हा विचारणार नाही. पण तिचं मत बदललं तर मी कुठे जात नाहीये. आई त्यांना आपणहून काही सांगणार नाही, कारण तिला आधी तुला विचारायचंय, आणि तुला ती जन्मात विचारणार नाही, कारण तुझ्या तोंडून तेच वाक्य पुन्हा ऐकायची तिची ताकद नाही. तेव्हा तिच्या वतीने, तिच्या परवानगीशिवाय, मी विचारते. आई पुन्हा कुणाचा तरी हात धरून म्हातारी झाली तर तुझी हरकत आहे का? असेल तर मला सांग, तिला नको. नसेल तर तिला सांग, मला नको.

तुझंच,
शेपूट